सतार आपल्या कानी उशिरा का आली



आज आपण सतारीबद्दल बोलणार आहोत. हिंदीत तिला सितार म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं सतारच म्हणतात आणि मिरजेत तर ती बनवणाऱ्यांचं आडनावच सतारमेकर झालंय. म्हणून आम्हीही सतारच म्हणू.

हा विषय काढला तेव्हा आमच्याच गटात पहिला प्रश्न आला, की हे कशाला? बचत गटाचे हिशेब, रेशन, दवाखाना, बियाणं एवढं सगळं बोलायचं राहिलंय, मग ही मोठ्या घरातली वाद्यं आपल्या रेडिओवर कशाला? प्रश्न रास्त होता. त्यावर वाद घालत बसलो नाही, शोधाशोध केली. तेव्हा कळलं, की सतारीचा अर्धा देह आपल्यासारख्यांच्या रानातून जातो.

सतारीच्या खाली जो गोल, फुगीर, चकचकीत भाग दिसतो ना, तो लाकडाचा नसतो. तो भोपळा असतो. खरा, वेलीवरचा. पंढरपूर, मंगळवेढा भागात भीमेच्या काठच्या जमिनीत या भोपळ्याचे वेल लावतात. हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. माणसाने खायचा नाही, गुरांनाही चालायचा नाही. वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचा, साल लाकडासारखी टणक होईपर्यंत वाळू द्यायचा. मग तो मिरजेला जातो. घेर मोठा, आकार सारखा आणि साल एका जाडीची असेल तर भाव मिळतो. डाग पडला, चीर गेली, की त्याची किंमत शून्य. अवकाळी पाऊस किंवा भीमेचा पूर आला तर वर्षभराचा माल एका रात्रीत वाहून जातो. हे गणित आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायला नको.

भोपळा आपल्याला काही नवा नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी भोपळ्यात बसूनच वाघाच्या तावडीतून सुटली, ही गोष्ट सांगत आपण पोरं निजवली. पूर्वी नदी ओलांडायला भोपळ्यांची सांगड बांधायचे. एकतारीला भोपळा, दिंडीतल्या विणेकऱ्याच्या गळ्यातल्या वीण्यालाही भोपळा. सतार याच घरातली. फक्त ती शहरात गेली, दरबारात बसली आणि आपल्याकडे परत यायला तिला फार वेळ लागला.

ती आली कुठून, ते आधी सांगतो.

सतार अमीर खुस्रोने शोधली असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. अमीर खुस्रो मोठा कवी होता, दिल्लीत राहिला, १३२५ साली वारला. पण त्याने आपल्या लिखाणात कितीतरी वाद्यांची नावं दिली आहेत आणि त्यात सतार नाही. अभ्यासक म्हणतात तो नावाचा घोटाळा आहे. अठराव्या शतकात दिल्लीत खुसरो खान नावाचा एक कलावंत होता, त्याचा सतारीशी संबंध आहे. नाव सारखं, म्हणून श्रेय चारशे वर्षं मागे गेलं. मोठ्या नावाला श्रेय आपोआप चिकटतं, हे आपण गावातही बघतो.

फारसीत ‘सेह’ म्हणजे तीन. सेहतार म्हणजे तीन तारांचं वाद्य. सुरुवातीला ते छोटं आणि साधं होतं, साथीला वाजायचं. अठराव्या शतकात दिल्ली लुटली गेली, मोडकळीला आली, तसे कलावंत लखनौ, जयपूर, ग्वाल्हेर अशा दरबारांकडे पांगले आणि सतार त्यांच्याबरोबर गेली. मसीत खान नावाच्या वादकाने संथ चालीची गत बसवली, रजा खान याने लखनौकडे जलद चालीची. आजही सतारिये मसीतखानी आणि रजाखानी गत वाजवतात, ती नावं यांचीच. हळूहळू तारा वाढल्या. आज वर सहा किंवा सात तारा असतात आणि पडद्यांच्या खालून अकरा ते तेरा बारीक तारा जातात. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात.

या तरफेच्या तारांची गंमत आम्हाला मिरजेत दाखवली. त्यांना बोट लावायचं नसतं. वरची तार छेडली, की त्याच सुराला लावलेली खालची तार आपोआप झणझणते. एका घरात पाळणा म्हणायला सुरुवात झाली, की शेजारच्या ओट्यावरची बाई न कळत गुणगुणायला लागते, तसं. सतारीचा सूर संपला तरी मागे जो झणकार राहतो, तो या न छेडलेल्या तारांचा.

दुसरी गोष्ट पडद्यांची. सतारीच्या दांडीवर धातूचे वाकवलेले पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सरकवता येतात. तार पडद्यावर दाबायची आणि मग बाजूला ओढायची. ओढली की सूर चढतो, सोडली की उतरतो. याला मींड म्हणतात. सतार रडते असं जे आपल्याला वाटतं, ते या ओढण्यामुळे. बोटांना आधी चिरा पडतात, मग घट्टे पडतात. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात तारेची नखी घालतात, तिला मिजराब म्हणतात.

आता मिरज. तिथला इतिहास आम्हाला सगळ्यांत जवळचा वाटला, कारण तो कामगारांचा आहे.

मिरजेत शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे, हत्यारं करणारे. १८१८ साली पेशवाई गेली, लढाया थांबल्या आणि हळूहळू हत्यारांचं काम संपलं. हातात कसब आहे पण काम नाही, अशी वेळ आली. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, तिथे गाण्याला मान होता, गवई यायचे. त्यांचे तंबोरे प्रवासात फुटायचे आणि दुरुस्त करणारं जवळ कोणी नसायचं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हातात घेतलं. आधी दुरुस्ती, मग बघून बघून नवीन वाद्य. तलवारीच्या पात्याला बाक द्यायचा तो हात भोपळ्याच्या कडेवर चालला. त्यांच्या घराण्यातले लोक पुढे सतारमेकर झाले. आज मिरजेत ते काम करणारी कुटुंबं सहाव्या-सातव्या पिढीत आहेत आणि मिरजेची सतार, तंबोरा देशभर आणि परदेशात जातो.

आम्ही सहाजणी एसटीने मिरजेला जाऊन ते काम बघून आलो. दुकानाच्या माळ्यावर भोपळे टांगलेले होते, खाली लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास. भोपळा आधी भिजवतात, मग वरचा भाग कापून आतल्या बिया, गर खरवडून काढतात आणि आकार देऊन पुन्हा वाळवतात. दांडी तूणाच्या लाकडाची. वर नक्षी, मग पॉलिश. सगळ्यांत शेवटी जवारी काढतात. तारा ज्या पट्टीवरून जातात, तिचा पृष्ठभाग कानसीने इतका हलका घासायचा, की तार तिला पुसटशी चाटून जाईल. तेवढ्यावर आवाज ठरतो. केसभर जास्त घासलं तर आवाज मेला. याला माप नाही, यंत्र नाही, फक्त कान. आमच्यातल्या एका आजीबाई म्हणाल्या, हे जात्याला टाकी लावण्यासारखं आहे. कारागीर हसले आणि म्हणाले, अगदी तसंच.

मिरजेतच आणखी एक गोष्ट घडली. कुरुंदवाडचा एक मुलगा, जन्म १८७२ चा, फटाक्याने डोळ्यांना इजा होऊन त्याची दृष्टी गेली. शाळा बुडाली, म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. ते विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं-बजावणं उस्तादाच्या घरात, मुलाला किंवा नाकदुऱ्या काढणाऱ्या शिष्याला मिळायचं. आता फी भरून, वर्गात बसून शिकता येऊ लागलं. घरंदाज बाया-मुलीही शिकू लागल्या.

‘घरंदाज’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण इथे एक गाठ आहे.

बायका सतार वाजवत नव्हत्या असं नाही. एकोणिसाव्या शतकातली जुनी चित्रं बघा, हातात सतार घेतलेल्या बायका त्यांत दिसतात. त्या बहुतेक नाचगाण्यावर पोट असणाऱ्या, कोठ्यावरच्या. कला त्यांनी सांभाळली, शिकवली, पण समाजाने त्यांना बाजारात बसवलं. मग सुधारणेचा काळ आला. नाचगाणं बंद करा, म्हणाले. गाणं शुद्ध करून चांगल्या घरात आणलं आणि ते आणताना ज्या बायकांनी ते जपलं होतं त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवलं. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीच्या वर्षांत आकाशवाणीनेही तेच केलं. जिचं खाजगी आयुष्य लोकांच्या तोंडी आहे, अशा बाईला माइकपुढे बसू द्यायचं नाही, असा दंडक आला. तिला ऐकायला जाणाऱ्या पुरुषांच्या खाजगी आयुष्याची चौकशी कोणी केल्याचं आमच्या वाचनात नाही.

दुसऱ्या बाजूला घरंदाज बाईची गोष्ट. ती अन्नपूर्णादेवींची.

मध्य प्रदेशात मैहर नावाचं छोटं संस्थान होतं. तिथे उस्ताद अल्लाउद्दीन खान दरबारी वादक होते, फार मोठे आणि फार कडक गुरू. त्यांच्या थोरल्या मुलीला त्यांनी गाणं शिकवलं होतं. तिचं लग्न झालं आणि सासूने तिचा तंबोरा जाळून टाकला. बापाला ते इतकं लागलं, की धाकटीला काही शिकवायचंच नाही असं त्यांनी ठरवलं. धाकटीचा जन्म १९२७ चा, घरातलं नाव रोशनआरा. मैहरच्या महाराजांनी ठेवलेलं नाव अन्नपूर्णा. तिचा भाऊ अली अकबर रियाज करायचा आणि ही ऐकायची. एक दिवस भावाचं चुकत होतं म्हणून तिने गाऊन दाखवलं, आणि बाप मागे उभा होता. त्यानंतर तिचं शिक्षण सुरू झालं. आधी गाणं, मग सतार, मग सुरबहार. सुरबहार म्हणजे सतारीची मोठी बहीण, जाड तारांची, खालच्या आवाजाची. टाळ्या कमी मिळतील असं वाद्य, पण त्यात गांभीर्य आहे, असं म्हणून वडिलांनी ते तिच्या हाती दिलं.

१९४१ साली तिचं लग्न वडिलांचेच शिष्य रविशंकर यांच्याशी झालं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दोघं बरोबर बसून मैफली करत. लोक तिच्या वादनाला फार दाद देत. पतीला ते फारसं रुचत नाही हे आपल्याला जाणवायचं, तशीही मैफलीची आवड नव्हती, म्हणून थांबले आणि साधना चालू ठेवली, असं त्यांनी पुढे वार्धक्यात एका मुलाखतीत सांगितलं. १९५० च्या दशकात त्यांचं जाहीर वादन बंद झालं ते कायमचं. पुढे संसारही मोडला. मुंबईत ब्रीच कँडीच्या एका फ्लॅटमध्ये त्या राहिल्या, रात्री दार लावून रियाज करायच्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. त्यांचं वादन आज जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही, जुन्या मैफलीत कोणीतरी टिपून ठेवलेले थोडे तुकडे आहेत, तेवढेच.

आमच्यात यावरून खडाजंगी झाली. काहीजणी म्हणाल्या, भांडण टाळायला आपणही गप्प बसतो, तसं हे झालं. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून ग्रामसभेत बोलायचं सोडलेली बाई आमच्यात आहेच. काहीजणी म्हणाल्या, नाही, तिने वाजवणं सोडलंच नाही, फक्त ऐकवणं सोडलं, तो तिचा अधिकार. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे, आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य झाली. त्या शिकवत राहिल्या. निखिल बॅनर्जी त्यांच्याकडे सतार शिकले, हरिप्रसाद चौरसिया बासरी शिकले. चौरसिया तेव्हा नाव मिळवलेले होते. पाटी कोरी करून आलोय हे दाखवायला त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली, उजव्याची डावी केली. हयातीत देशाने १९७७ साली त्यांना पद्मभूषण दिलं.

त्यांच्यानंतर कल्याणी रॉय, जया बिस्वास अशा बायकांनी जाहीर मैफलीत सतार वाजवली. आज तर मुली वाजवतात यात कोणाला नवल वाटत नाही. शहरात तरी.

मग आपल्या कानी सतार का आली नाही? खरं सांगायचं तर आली होती. आपण ओळखली नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला आपण सगळ्या ‘सारे जहाँ से अच्छा’ म्हणतो, त्या गाण्याची आजची चाल रविशंकर यांनी १९४५ साली बांधली. १९६० चा ‘कोहिनूर’ चित्रपट ज्या थोरल्या बायकांनी तंबूत बघितला, त्यांना दिलीपकुमार सतार वाजवताना आठवत असेल. आवाज होता मुंबईचे उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्या सतारीचा आणि बोटं खोटी दिसू नयेत म्हणून दिलीपकुमार त्यांच्याकडे सतार शिकले होते. सिनेमात दुःखाचा प्रसंग आला की मागे सतार वाजायची. त्यामुळे आमच्यातल्या कितीतरी जणींना सतार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ माहीत होता.

रेडिओचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण रेडिओवाल्या. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नावाचे एक मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. लोकांनी चांगलं संगीत ऐकावं म्हणून त्यांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. झालं काय, तर लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. तिथे अमीन सयानी बिनाका गीतमाला घेऊन बसले होतेच. पाच वर्षांनी, १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. पोराच्या तोंडात कडू औषध कोंबावं तसं संगीत कोंबलं, तर पोर थुंकणारच. पण एक कबूल करायला हवं. त्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळेच, तिकीट काढून मैफलीला जाऊ न शकणाऱ्या माणसांपर्यंत देशातले मोठे सतारिये पोचले. ज्या घरात रेडिओ होता आणि रात्री साडेनऊनंतर ज्याचे हात रिकामे होते, त्याच्यापर्यंत. आपल्या आया तेव्हा भांडी घासत होत्या.

आता, पहिल्यांदा सतार ऐकायची तर कशी ऐकावी? आमचा अनुभव सांगतो. पहिल्या वेळी आम्हाला पाच मिनिटं झाली तरी सुरूच झालं नाही असं वाटलं. एकटीच तार, तबला नाही, चाल नाही. तो आलाप असतो. रागातले सूर एकेक करून ओळखीचे करून द्यायचे, घाई नाही. जात्यावर बसल्यावर पहिला घास घालून आपण जसं हळू फिरवतो, तसं. मग तालासारखी एक लय येते, तो जोड. ती वाढत वाढत झणझणाटाला जाते, तो झाला. मग तबला येतो आणि गत सुरू होते. तबला आला की आमचे पाय हलायला लागले. त्याआधीचं कळायला तिसऱ्यांदा ऐकावं लागलं.

आणि न कळण्याची लाज वाटू देऊ नका. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खान व्यासपीठावर बसून वाद्यं सुरात लावत होते. तार पिळायची, टणटण करायची, एवढंच. ते थांबले आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तेच वादन वाटलं! रविशंकरांनी हसून आभार मानले आणि म्हणाले, लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता दुसरीकडे बनवलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकता येणार नाही. कारागीर खूश होते. पण एकाच्या मुलाने कंपनीत नोकरी धरली होती, त्याला घासायच्या कामात बसायचं नव्हतं. एक सतार नीट व्हायला आठवडे लागतात, भोपळ्याची भुकटी आणि पॉलिशचा वास दिवसभर नाकात. भोपळा लावणारेही कमी होत चाललेत, ऊस सोपा पडतो. मानांकनाच्या कागदावर वाद्याचं आणि गावाचं नाव असतं, भीमाकाठच्या वेलाला पाणी घालणारीचं नसतं. त्या भागातल्या आपल्या गटांना आम्ही निरोप धाडलाय, की कोणाच्या रानात कडू भोपळ्याचे वेल असतील तर कळवा. भाव काय मिळतो, बी कोण देतं, वाहतूक कोणाच्या अंगावर पडते, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. दोन गटांचं उत्तर आलंय. एकीने विचारलंय, आमच्या भोपळ्याची सतार झाल्यावर वाजते कशी, ते कोणी ऐकवील का?

पुढच्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता ऐकवू. राग यमन आहे, तो त्याच वेळचा. भाकऱ्या आधी थापून ठेवा.